पाखरमळ्याच्या दारातली घंटा

दिंडोरीच्या बाजूला जानेवारी लागला की द्राक्षवाल्यांच्या ओट्यावर एकच विचारणा चालते: "मोहिनीताईचा फोन आला का?" आला असेल तर दुसऱ्या दिवशीचे मजूर सांगायचे, क्रेट धुऊन ठेवायचे, गाडीची वाट बघायची. आला नसेल तर मणी साखरेसारखा गोड का होईना, घडाला कात्री लावायची नाही. परदेशात जाणाऱ्या मालाचं असंच असतं. फवारलेल्या औषधाचा अंश मण्यात किती उरलाय हे प्रयोगशाळेने तपासायचं, रिपोर्ट चांगला आला की मगच तोडणी करायची.

ही मोहिनीताई म्हणजे मोहिनी पेखळे. वय बेचाळीस, मुक्काम पंचवटी, नोकरी दिंडोरी रोडला म्हसरूळमध्ये, पाखरमळा फार्म्स या द्राक्षं निर्यात करणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात. सतरा वर्षं ती तिथला फोन सांभाळते. प्रयोगशाळेचा रिपोर्ट ई-मेलवर येतो, मोहिनी तो ऐकते आणि शेतकऱ्याला कळवते. ऐकते म्हणजे खरोखरच ऐकते, कारण तिला जन्मापासून दिसत नाही. तिच्या संगणकात पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एक आवाज आहे. त्याला ती 'बाई' म्हणते. ही बाई इतकी भरभर बोलते की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला नुसती भुणभुण ऐकू येते. मोहिनीला मात्र त्यातलं अक्षर न् अक्षर कळतं.

कंपनीचे शेतकरी चारशे बारा. 'हॅलो' म्हणायच्या आधीच्या खाकरण्यावरून ती माणूस ओळखते, असं ऑफिसात सांगतात. हे थोडं वाढवून सांगितलेलं आहे. तिला 'हॅलो' लागतं. पण प्रत्येकाच्या बागा तिला नावानिशी पाठ आहेत. कंपनीच्या कागदावर प्लॉट क्रमांक एक, दोन, तीन असं असतं. शेतकरी असं कधी बोलत नाही. तो म्हणतो विहिरीवरचा, पाटाकडचा, भाऊबंदकीतला. मोहिनीने ही सगळी नावं ब्रेलमध्ये टोचून कार्डं केली आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. डबा टेबलाच्या उजव्या खणात असतो. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नाही.

रिकामं बसणं तिला माहीतच नाही, आणि ह्याचा सगळा दोष तिच्या आईचा. वत्सलाबाई गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात भाजी विकायच्या. लेक सहा वर्षांची झाली तशी तिला पोत्यावर शेजारी बसवली आणि हातात मेथीची जुडी दिली. "निवड," म्हणाल्या. येणारेजाणारे हळहळायचे, "अरेरे, पोरीला दिसत नाही आणि कामाला लावलंय." वत्सलाबाई त्यांना ऐकवायच्या, "डोळं नायत तिला. हात दोन हायेत ना?" मोहिनीला पुढं अंधांच्या शाळेत घातलं, टायपिंग शिकवलं, फोनचं काम शिकवलं, पण सुट्टीत मेथी चुकली नाही. आता वत्सलाबाई थकल्यात, घरीच असतात, आणि संध्याकाळी लेक आली की पहिला प्रश्न विचारतात, "आज काय केलं?"

त्या प्रश्नाला द्यायला उत्तर राहणार नाही अशी वेळ ह्या जानेवारीत आली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी कंपनीचे मालक गोरक्षनाना तिळगुळाचा डबा घेऊन मोहिनीच्या टेबलापाशी आले. नाना मूळचे शेतकरी. स्वतःची दोन एकर बाग होती तिथून कंपनीपर्यंत आले. माणूस दिलदार, आवाज मोठा, आणि एकदा ठरवलं की ठरवलं. तिळगूळ हातावर ठेवत त्यांनी सांगितलं, की रथसप्तमीला कंपनीची वेबसाईट उघडायची. शेतकऱ्याने मोबाईलवर आपला रिपोर्ट बघायचा, तोडणीची तारीख स्वतः नोंदवायची. फोनची भानगड बंद.

"मग मी काय करायचं, नाना?"

"तुला कशाची काळजी? पगार चालू. येत जा, बसत जा. सतरा वर्षं राबलीस, आता आराम कर."

नानांना वाटलं, आपण केवढी चांगली गोष्ट केली. मोहिनीला मात्र कुणीतरी हातातली जुडी काढून घेतल्यासारखं झालं. तिला राग आला, आणि तो तिने लपवला नाही. "मी म्हातारी झालेली नाही, नाना. शेतकऱ्यांचं काम साईटवर होणार असेल तर ते साईटवर मी करीन. ज्यांना जमणार नाही ते फोन करतील, त्यांचं मी नोंदवीन. मला साईट द्या."

कुणीतरी मागे हसलं. नाना हसले नाहीत, पण त्यांच्या आवाजात दया आली, आणि मोहिनीला दयेचा आवाज फार लांबून ओळखू येतो. "अगं, ती बघायची गोष्ट हाय," नाना म्हणाले.

"तुम्हाला बघायची. मला ऐकायची. उघडून तर द्या."

साईट उघडून दिली. मोहिनीने कानात हेडफोन घातला आणि दचकून काढला. आत घंटांचा गजर चालला होता. त्यामागून स्तोत्र सुरू झालं. नाना सप्तशृंगीचे भक्त. गडावरच्या आईचं नाव घेतल्याशिवाय त्यांच्या घरी कुकर लागत नाही. बिलावर आई, गाडीवर आई, द्राक्षाच्या खोक्यावर आई, मग साईटवर पहिली आईच असणार. पान उघडलं की देवीचा फोटो आणि दोन मिनिटं गजर. डोळ्याने बघणाऱ्याचं त्यात काही अडत नव्हतं. मोहिनीची बाई मात्र त्याच हेडफोनमध्ये बोलत होती, आणि त्या गजरात तिचा एक शब्द ऐकू येत नव्हता.

दोन मिनिटांनी गजर थांबला. मग बाई म्हणाली, "बटण. बटण. चित्र. बटण. चित्र." कसलं बटण, कसलं चित्र, पत्ता नाही. अंदाजाने एक दाबलं, तर साईटने विचारलं, की तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे दाखवायला खालच्या चित्रातली वाकडी अक्षरं ओळखा.

आता ह्याला काय म्हणावं! जी मोहिनी चारशे बारा माणसांची सुखदुःखं, बाळंतपणं, गारपिटी सतरा वर्षं फोनवर ऐकत आली, तिला एक यंत्र विचारत होतं, की तू माणूस आहेस का, आणि तिच्याकडे उत्तर द्यायची सोय नव्हती. मोहिनीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"रथसप्तमीला वीस दिवस आहेत," ती म्हणाली. "ज्याने ही साईट केली त्याला माझ्या शेजारी बसवा. रथसप्तमीच्या सकाळी तुमच्यासमोर एका शेतकऱ्याची नोंद मी एकटी करून दाखवते. जमलं, तर काम माझं. नाही जमलं, तर तुम्ही म्हणाल तिथे बसते, आणि परत तोंड उघडणार नाही."

पैज लावायला नानांना आवडायचं. "चालेल," म्हणाले.

साईट करणारा सोमनाथ सटाण्याचा. सत्तावीस वर्षांचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणीतरी लवकरच सांगून टाकलेलं. मोहिनीच्या शेजारी बसायची आज्ञा झाली तेव्हा त्याचं तोंड उतरलं असावं. ते तिला दिसलं नाही, पण खुर्ची ओढल्याचा आवाज तिने ऐकला. तिसऱ्या दिवशी तो खुशीत आला. "ताई, झालं काम! दिव्यांगांसाठी वेगळं बटण टाकलं. वर उजव्या कोपऱ्यात. पिवळ्या रंगाचं. दाबलं की सगळी अक्षरं मोठी होतात."

"कुठे आहे म्हणालास?"

"वर, उजव्या कोपऱ्यात. पिवळं..." आणि सोमनाथ मध्येच थांबला.

"अक्षरं डोंगराएवढी केलीस तरी मला काय त्याचं?" मोहिनी म्हणाली. "ज्यांना कमी दिसतं त्यांना उपयोग होईल, राहू दे. पण माझ्यासाठी वेगळी खिडकी नकोय मला. सगळे ज्या दारातून येतात त्याच दारातून यायचंय."

त्याला पटलं नव्हतं. पडद्यावर सगळं छान दिसत असताना हिला अडतं कुठे, हेच त्याला उमगत नव्हतं. मग मोहिनीने एक युक्ती केली. ऑफिसात घडांना गुंडाळायच्या कागदाचे गठ्ठे पडलेले असतात. उन्हाने मणी गुलाबी पडू नयेत म्हणून बागेत घड कागदात झाकतात. तिने एक मोठा कागद घेतला, चाचपून सोमनाथच्या पडद्यावर चिकटवला, त्याचा माऊस काढून आपल्या पर्समध्ये टाकला, आणि बाईचा वेग त्याला झेपेल इतका कमी करून हेडफोन त्याच्या कानात घातला. "आता तूच केलेल्या साईटवर एक तोडणी नोंदव."

सोमनाथ हसत बसला. दहा मिनिटांनी हसणं थांबलं. अर्ध्या तासाने त्याच्या कपाळावर घाम आला. तारीख नोंदवायला त्याने सुरेख कॅलेंडर केलं होतं, त्यावर माऊसने टिचकी मारली की तारीख बसायची. कीबोर्डवरून तिथे पोचताच येत नव्हतं. चाळीस मिनिटं झाली, तेव्हा त्याच्या तोंडून खरी मातृभाषा, अहिराणी, बाहेर पडली. "हाई काय शे! कायबी समजत नही!"

"हेच मी तीन दिवस म्हणतेय," मोहिनी म्हणाली आणि पर्समधून माऊस काढून त्याला परत दिला. पण सोमनाथने कागद काढला नाही. पुढचे दहा दिवस तो कागद पडद्यावर तसाच होता. तो उचलून दुरुस्ती करायची, पुन्हा खाली सोडायचा आणि कानाने तपासायचं, असं त्याचं काम चालू झालं. प्रत्येक बटणाला नाव मिळालं. चित्राखाली ते कशाचं आहे हे लिहिलं गेलं. वाकडी अक्षरं गेली, त्यांच्या जागी मोबाईलवर येणारा आकडा आला. तारीख हाताने लिहिता येऊ लागली. मोहिनीने डब्यातली कार्डं एकेक काढून वाचली आणि सोमनाथने प्लॉट क्रमांकाशेजारी बागांची नावं भरून ती परत डब्यात ठेवली. डब्याला त्याने हात लावलेला तिला चालला, हे ऑफिसातल्या सगळ्यांनी पाहिलं.

राहिली घंटा. तिच्याबद्दल बोलायला सोमनाथ तयार नव्हता. "ताई, बाकी काहीही सांगा. देवीचं काढा म्हणून मी नानांना नाही सांगणार. मला नोकरी करायचीय."

मोहिनी स्वतः केबिनमध्ये गेली. नानांनी तिचं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "आईचा गजर निघणार नाही. सतरा वर्षांत आईला मागं ठेवून मी कुठलंच काम सुरू केलेलं नाय, आता तुझ्यासाठी करू का?"

"काढा म्हणतच नाही मी, नाना. एक विचारते, तेवढं सांगा. तुम्ही गडावर जाता तेव्हा घंटा कोण वाजवतं?"

"कोण म्हंजे? मी वाजवतो. जो दर्शनाला जातो तो वाजवतो."

"तुमच्या आधी जाऊन दुसऱ्या कुणी तुमच्या वतीने वाजवून ठेवली तर चालेल?"

नानांनी खुर्ची पुढे ओढली.

"लहानपणी आई मला गडावर न्यायची," मोहिनी म्हणाली. "मला मूर्ती दिसायची नाही. गर्दीत आई मला कडेवर उचलायची आणि माझा हात घंटेला लावायची. मी वाजवली की मला कळायचं, मी आले आणि गडावरच्या आईला ते कळलं. माझं दर्शन तेवढंच. तुमच्या साईटवर आल्याआल्या घंटा आपोआपच वाजते, नाना. येणाऱ्याने काय करायचं?"

नानांनी तिथूनच सोमनाथला हाक मारली. त्या दिवसापासून पाखरमळ्याच्या साईटवर देवीच्या फोटोखाली एक बटण आहे. बाई ते नीट वाचते: "घंटा वाजवा." ज्याला वाजवायची त्याने वाजवावी, ज्याला घाई आहे त्याने नमस्कार करून पुढे जावं.

इथे काम संपलं असं सोमनाथला वाटलं. नानांनाही वाटलं. मोहिनीने मात्र रिपोर्टचं पान उघडलं आणि म्हणाली, "हिरामण गांगुर्डे, विहिरीवरचा, आणि पुढे काहीच नाही. रिपोर्ट कुठाय?"

"ठिपका शे ना, ताई. हिरवा ठिपका म्हणजे रिपोर्ट चांगला, तोडा. लाल म्हणजे रिपोर्ट यायचाय नाहीतर चांगला नाही, थांबा. मी त्या ठिपक्यामागे तुमच्या बाईला वाचता येईल असा शब्द टाकतो, दोन मिनिटांचं काम."

"मागे नको. पुढे टाक. सगळ्यांना दिसेल असा."

ह्याला मात्र नाना आडवे आले. मोबाईलचा पडदा केवढासा, त्यावर शब्दांची गर्दी कशाला? "लाल-हिरवं शाळेतल्या पोराला कळतं. सिग्नलला थांबतात ना सगळे? तुला ऐकू येईल अशी सोय होतेय, मग बाकीच्यांचं तू कशाला बघतीस?" आपल्याला हवं ते मिळालं असताना मोहिनी का अडून बसलीय, हे तिचं तिलाही नीट सांगता येईना. एवढंच वाटत होतं, की चारशे बारा माणसं ज्या एका शब्दावर कात्री उचलतात तो शब्द एका ठिपक्यावर सोडायचा नाही.

साईट तपासायला म्हणून पन्नास शेतकऱ्यांना आधीच उघडून दिली होती. रथसप्तमीला चार दिवस उरले असताना दुपारी फोन वाजला.

"ताई, हिरामण बोलतोय. विहिरीवरच्याला मजूर सांगितलेत उद्याला. गाडी किती वाजता येईल तेवढं सांग."

विहिरीवरच्याचा रिपोर्ट अजून आलेला नव्हता. आला असता तर तिनेच ऐकला असता. "काका, तोडा म्हणून कुणी सांगितलं?"

"साईटवर हाय ना. हिरवा ठिपका."

तिने फोनवर हात ठेवून सोमनाथला विचारलं. त्याने बघून सांगितलं, "लाल शे, ताई. चांगला लालभडक."

"काका," मोहिनी फोनवर म्हणाली, "ठिपका लाल आहे. मजूर थांबवा. रिपोर्टाविना माल गेला तर काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे."

मग हिरामणकाकांचा आवाज एकदम खाली आला. "ताई, एक सांगतो, तुझ्यापाशी राहू दे. मला लाल न् हिरवं येगळं दिसत नाय. पयल्यापासून. लग्नात बायकोनं हिरवं पातळ नेसलं व्हतं का लाल, मला आजवर ठाऊक नाय."

"मग बाग कशी करता हो तुम्ही?"

"घड हातात घेतला की कळतो. चव घेतो, मशीनवर साखर बघतो. रंगाचं समदं ती बघती. ती माहेरी गेलीय. शेजारचा म्हनला, हिरवा ठिपका आला की तोडायचं. मला ठिपका दिसला. म्हनलं, आला. कुणाला इचारू? अख्खा गाव हसंल."

मोहिनीने त्यांना धीर दिला आणि फोन ठेवला. दहा वर्षांपूर्वी नानांचा एक कंटेनर परदेशी बंदरावरून औषधाच्या अंशापायी परत आला होता, तेव्हा चाळीस घरांची वर्षाची मेहनत मातीत गेली होती. त्या चाळीस घरांना ते कळवायचे फोन मोहिनीने केले होते. ते आवाज ती अजून विसरलेली नव्हती.

ती उठून केबिनमध्ये गेली आणि एक चूक होता होता टळली, एवढं सांगितलं. नाना ताडकन म्हणाले, "कोण तो?"

"नाव सांगणार नाही."

"मालक मी हाय, मोहिनी."

"तुम्ही मालक आहात, नाना. पण गुपित त्यांचं आहे."

"मग एका बिननावाच्या माणसासाठी अख्खी साईट बदलू का मी?"

"एक आहे की किती आहेत ते उद्या सांगते," मोहिनी म्हणाली आणि बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिने फोन जवळ ओढला. त्या पन्नासांपैकी प्रत्येकाला फोन केला आणि एकच विचारलं, "तुमचा ठिपका कोणता आहे?" उत्तर आलं की शेजारी सोमनाथ खरा रंग सांगायचा, आणि कुणी चुकला की ती ब्रेलच्या कागदावर एक टिंब टोचायची. जेवायला ती उठली नाही. सोमनाथने आपल्या डब्यातली अर्धी भाकरी तिच्या हातात दिली, ती तिने फोनवर बोलता बोलता खाल्ली. चार वाजता पन्नास संपले. सहा जण चुकले होते. दोघांना रंग वेगळे दिसत नव्हते. तिघांना शेतातल्या उन्हात मोबाईलवर ठिपकाच दिसत नव्हता, त्यांनी 'हिरवा असंल' म्हणून ठोकून दिलं होतं. आणि एकाने ठिपका म्हणजे काचेवर उडालेला औषधाचा थेंब समजून तो धोतराला पुसून पुसून बघितला होता.

मोहिनीने तो कागद नानांच्या टेबलावर ठेवला. "पन्नासांत सहा. चारशे बारांत किती होतील, तुम्हीच धरा. ह्या सहाही जणांचे डोळे तुमच्याइतकेच चांगले आहेत, असं बाहेरचा माणूस म्हणेल. नावं ह्यावर नाहीत, आणि मी देणार नाही."

नानांनी कागद उचलला. त्यांना ब्रेल वाचता येत नव्हतं. त्यांनी बोट फिरवून टिंबं मोजली, एकदा आणि परत एकदा. कंटेनर परत आला होता ते वर्ष त्यांनाही आठवत असणार. "सोमनाथ," त्यांनी हाक मारली, "ठिपक्याच्या म्होरं शब्द टाक. मोठ्या अक्षरात. 'थांबा' आणि 'तोडा'. आजच."

रथसप्तमीला सकाळी नानांनी ऑफिसात नारळ फोडला, सूर्याला दुधाचा नैवेद्य दाखवला आणि मोहिनीच्या मागे येऊन उभे राहिले. पैज पैज असते. नानांनाही ऐकू यावं म्हणून मोहिनीने हेडफोन काढून बाईचा आवाज मोठा केला. "कुणाची नोंद करू?" तिने विचारलं, आणि स्वतःच ठरवलं. हिरामणकाकांचा रिपोर्ट आदल्या संध्याकाळी आला होता, चांगला आला होता, आणि त्यांना कळवायचं अजून बाकी होतं.

तिने पान उघडलं. बाई भरभर वाचू लागली, आणि मोहिनीची बोटं थबकली. "काय झालं?" नाना म्हणाले. त्यांना त्या भुणभुणीतलं काही कळलं नव्हतं. मोहिनीने वेग कमी करून पुन्हा ऐकवलं. "हिरामण गांगुर्डे. विहिरीवरचा. रिपोर्ट: तोडा. तोडणीची नोंद झाली आहे. तारीख: उद्या."

ज्याची नोंद करून दाखवायची, त्याने पहाटेच आपली आपण केली होती.

नाना मोठ्याने हसले. "आता गं? तुझं काम तर त्यानंच केलं!"

"करू द्या की. अजून चारशे अकरा आहेत," मोहिनी म्हणाली आणि दुसरं नाव काढलं. सहादू कदम, पाटाकडचा. रिपोर्ट: तोडा. तिने तारीख लिहिली, गाडी निवडली, नोंद पक्की केली. तीन मिनिटं लागली. नानांनी घड्याळ बघितलं होतं, पण आकडा त्यांनी मोठ्याने सांगितला नाही. नुसतं म्हणाले, "फोन राहू दे तुझ्याकडं. आणि सोमनाथ, ह्यापुढं साईटवर नवीन काही टाकायचं तर आधी हिनं ऐकायचं, मग बाकीच्यांनी बघायचं." एवढं बोलून ते केबिनमध्ये गेले.

तेवढ्यात फोन वाजला. "ताई, हिरामण. काम काही नाय. वाचलं मी. 'तोडा' म्हनून लिव्हलंय. माझं मीच वाचलं, माझं मीच नोंदवलं, कुणाला इचारलं नाय. तेवढंच सांगायचं व्हतं."

"ऐकलं मी, काका," मोहिनी म्हणाली. तिने फोन ठेवला. संध्याकाळी वत्सलाबाई विचारणार होत्या, आज काय केलं. आज सांगायला पुष्कळ होतं.

मग तिला आठवलं, की वीस दिवस ह्या साईटवर बसून एक बटण आपण कधी दाबलेलंच नाही. ती पहिल्या पानावर आली. बाई म्हणाली, "घंटा वाजवा." मोहिनीने कळ दाबली. आवाज मोठाच ठेवलेला होता. घंटा सगळ्या ऑफिसात खणखणली.

"कोण आलं गं?" नानांनी केबिनमधून विचारलं.

"मी आलेय, नाना," मोहिनी म्हणाली.